जुन्या स्पोर्ट्‌स कारचा एअर फ्लो सेन्सर : तपासणी, सफाई आणि बदल

गाडी उभी असताना आयडलिंग वरखाली होतं. चौथ्या गिअरमध्ये एक्सलेटर दाबला की वेग घेण्याआधी गाडी क्षणभर गळून जाते. पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त लागतं. मग कोणीतरी बॉनेट उघडून सांगतं, ‘एअर फ्लो सेन्सर गेलाय, बदलून टाका.’ जुनी स्पोर्ट्‌स कार नव्याने घेतलेल्या माणसाला हे वाक्य फार लवकर ऐकावं लागतं. कधी ते खरं असतं, पण पुष्कळदा सेन्सर ठणठणीत असतो आणि दोष त्याच्या आजूबाजूला निघतो.

मी स्वतः असा एक सेन्सर विनाकारण बदलला आहे. नवा महागडा सेन्सर बसवला, दोन दिवस गाडी बरी वाटली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच झटके. शेवटी सेन्सर आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्या मधला घड्यांचा रबरी पाइप पूर्ण काढला आणि उजेडात धरून ताणला. वरून अगदी धड दिसणाऱ्या त्या पाइपला खालच्या घडीत, बरोबर खाचेत, नखाएवढी चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली राहायची. रेस दिली की इंजिन आपल्या माउंटिंगवर किंचित हलायचं, पाइप ताणला जायचा आणि चीर उघडायची. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे : आधी पाइप, मग वायरिंग, मग मोजमाप, मग सफाई आणि सगळ्यात शेवटी नवा सेन्सर. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

सेन्सर काय करतो

पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनच्या कॉम्प्युटरला इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवायचं, तर आत किती हवा येते आहे ते कळायला हवं. ते सांगण्याचं काम या सेन्सरचं. तो एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मध्ये बसतो. हवा कमी सांगितली तर पेट्रोल कमी पडतं, मिक्श्चर लीन होतं आणि गाडी झटके खाते. हवा जास्त सांगितली तर मिक्श्चर रिच होतं, प्लग काळे पडतात आणि सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो.

मात्र तो फक्त स्वतःमधून गेलेली हवा मोजतो. त्याच्या पुढे, थ्रॉटलच्या बाजूला, कुठल्याही फटीतून आत शिरलेली हवा त्याच्या हिशोबात येत नाही. माझ्या पाइपच्या चिरेतून नेमकं हेच होत होतं.

आपल्या गाडीत कोणत्या जातीचा आहे

साफ करण्याची आणि तपासण्याची रीत जातीवर अवलंबून असल्याने हे आधी ओळखावं लागतं.

जुनी जात फ्लॅपची. अल्युमिनियमच्या चौकोनी डब्यात स्प्रिंगवरचं एक दार असतं. हवेच्या रेट्याने ते उघडतं आणि दाराच्या दांड्यावरचा काटा कार्बनच्या पट्टीवर सरकतो. काटा कुठे आहे त्यावरून व्होल्टेज ठरतं. बॉशच्या एल-जेट्रॉनिक या पेट्रोल इंजेक्शनच्या प्रणालीत १९७० च्या दशकात ही पद्धत आली. पोर्शे ९४४, बीएमडब्ल्यू ई३० एम३, माझदा आरएक्स-७ च्या एफसी पिढीतल्या सुरुवातीच्या गाड्या आणि पहिली १.६ लिटरची माझदा एमएक्स-५ या गाड्यांमध्ये हाच मीटर आहे.

दुसरी जात गरम तारेची किंवा गरम फिल्मची. हवेच्या वाटेत प्लॅटिनमची बारीक तार किंवा फिल्म हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेली असते. हवा तिला थंड करते आणि तापमान टिकवायला किती करंट लागला यावरून हवेचं वजनच कळतं. पोर्शे ९२८ एस४, निस्सान ३००झेडएक्सची झेड३२ पिढी, १.८ लिटरची एमएक्स-५ आणि पोर्शे बॉक्स्टर ९८६ या दुसऱ्या जातीतल्या. बॉशच्या एलएच-जेट्रॉनिकमधली तार तर इंजिन बंद केल्यावर काही सेकंदांनी एक सेकंदभर जवळजवळ १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते, म्हणजे वर बसलेला मळ जळून जातो. पुढे आलेल्या फिल्मच्या सेन्सरना ही सोय नाही, त्यामुळे ते मळाला जास्त हळवे.

मित्सुबिशीच्या काही गाड्यांत आणि टोयोटा सुप्राच्या ७एम टर्बो इंजिनात कार्मान व्हॉर्टेक्स नावाची तिसरी जात सापडते. ती हवेतले भोवरे मोजते. तिचा सिग्नल व्होल्टेजमध्ये नसून फ्रिक्वेन्सीत असतो, म्हणून तिला हर्ट्‌झ मोजणारा मीटर लागतो.

काही गाड्यांत असा सेन्सर मुळात नसतोच. आरएक्स-७ ची एफडी पिढी मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलनंतर सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) दाबावरून हवेचा हिशोब करते. पोर्शे ९११ एससीमध्ये के-जेट्रॉनिक आहे. तिथे हवेने उचलली जाणारी तबकडी सरळ पेट्रोलचा डिस्ट्रिब्युटर चालवते, ते काम वेगळं. अशा गाडीचा सेन्सर शोधत बसू नका.

आधी पाइप आणि जोड

इंजिन थंड असताना सुरुवात करा. एअर फिल्टरचं झाकण उघडून फिल्टर नीट बसला आहे ना आणि डब्याच्या तळाशी पालापाचोळा नाही ना, हे बघा. नंतर सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंतचा पाइप सोडवून बाहेर काढा. जागेवर असताना वरून हात फिरवून बघणं पुरेसं नाही. प्रत्येक घडी बोटांनी उघडून उजेडात धरा. पंचवीस-तीस वर्षांचं रबर बाहेरून काळंभोर दिसतं आणि आतून बिस्किटासारखं झालेलं असतं.

त्यानंतर व्हॅक्यूमचे छोटे होज, ब्रेक बूस्टरचा पाइप, ऑइल फिलरचं झाकण आणि डिपस्टिकची सील. पुष्कळ जर्मन गाड्यांत क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोकळीतली) हवा थ्रॉटलकडे वळवलेली असल्याने ऑइलचं सैल झाकणसुद्धा आयडलिंग बिघडवतं. हाताला लागत नसेल तर धुराचं मशीन असलेल्या गॅरेजमध्ये इनटेकमध्ये धूर सोडून घ्या. जिथून धूर येईल तिथे गळती. चालू गरम इंजिनवर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याची सवय काहींना आहे, नवख्याने ती मुळीच लावून घेऊ नये.

याच वेळी कनेक्टर काढून पिना बघा. हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. कनेक्टरच्या अगदी मागे वायरचं आवरण तडकलेलं असतं, तेही तपासा. जुन्या बॉश कनेक्टरला बारीक तारेची एक क्लिप असते. ती सोडवताना उडते आणि हमखास इंजिनच्या पोटात जाते. खाली फडकं अंथरा आणि क्लिपचं एक टोक बोटाने दाबून ठेवूनच दुसरं उचला.

आता मोजा

स्कॅनर लागणारी गाडी असेल तर काम सोपं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ ची, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड स्कॅनरवर वाचण्याची सोय आहे. पी ०१०१ म्हणजे सेन्सरचं रीडिंग अपेक्षेत बसत नाही, पी ०१०२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी ०१०३ म्हणजे फार जास्त. पी ०१७१ आणि पी ०१७४ हे लीन मिक्श्चरचे कोड. कोड वाचला म्हणजे दोष सापडला असं नाही. पी ०१७१ चिरलेल्या पाइपनेही येतो, मळलेल्या सेन्सरनेही येतो आणि थकलेल्या पेट्रोल पंपानेही येतो.

फरक कळतो तो फ्युएल ट्रिमवरून. कॉम्प्युटर आपल्या हिशोबात किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, तो हा आकडा. इंजिन पूर्ण गरम करून आधी आयडलिंगला बघा, मग २५०० आरपीएमवर धरून बघा, मग सोबत कोणाला तरी बसवून चढावर. आयडलिंगला ट्रिम अधिक बाजूला खूप वर आणि रेस दिल्यावर शून्याकडे येत असेल, तर बहुधा बाहेरची हवा शिरते आहे. आयडलिंगला इंजिनला हवाच थोडी लागते, त्यामुळे छोटी गळतीसुद्धा मोठा वाटा खाते. जास्त रेसला तेवढीच गळती नगण्य होते. याच्या उलट, आयडलिंगला ट्रिम ठीक किंवा थोडा उणे आणि लोड वाढेल तसा अधिककडे चढत गेला, तर मळलेला गरम फिल्मचा सेन्सर समजा. मळाचा थर कमी हवेला रीडिंग थोडं जास्त दाखवतो आणि भरपूर हवेला कमी. लोडवर पेट्रोल कमी पडण्याचं दुसरं कारण अर्थातच पंप किंवा फ्युएल फिल्टर, म्हणून पेट्रोलचा दाब एकदा मोजून घ्या.

स्कॅनरवर हवेचं वजन ग्रॅम प्रति सेकंदात दिसतं. गरम इंजिनला आयडलिंगवर साधारण दर लिटरमागे एक ग्रॅम किंवा थोडं जास्त हा ठोकळ हिशोब धरा. पूर्ण थ्रॉटलला, वरच्या आरपीएमवर, गाडीच्या हॉर्सपॉवरला ०.८ ने गुणा. २०० हॉर्सपॉवरचं इंजिन १६० च्या आसपास पोहोचायला हवं. १२० वर अडकत असेल आणि फिल्टर स्वच्छ असेल, तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. ही चाचणी मोकळ्या सुरक्षित जागी किंवा डायनोवरच (गाडी जागेवर ठेवून ताकद मोजण्याच्या यंत्रावर) करा.

बॉक्स्टर ९८६ सारख्या गाडीतल्या पाच पिनांच्या बॉश सेन्सरला मल्टिमीटरनेही पारखता येतं. एक नंबरची पिन हवेच्या तापमानाची, दोनवर १२ व्होल्ट, तीन अर्थिंगची, चारवर ५ व्होल्ट आणि पाच नंबरवर सिग्नल. किल्ली ऑन, इंजिन बंद, म्हणजे हवा स्थिर. अशा वेळी पाच नंबरवर एक व्होल्टच्या अगदी जवळचा आकडा हवा. आधी १२ आणि ५ व्होल्ट येत आहेत ना ते बघा. ते येत नसतील तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि नवा सेन्सरही तिथे काही करू शकणार नाही.

कनेक्टर काढून गाडी चालवून बघायची जुनी युक्तीही गरम फिल्मच्या गाड्यांत उपयोगी आहे. सेन्सर नसला की कॉम्प्युटर थ्रॉटलची स्थिती आणि आरपीएम यांवरून ठोकळ अंदाजाने चालतो. त्या अंदाजावर गाडी आधीपेक्षा चांगली चालली, तर सेन्सर खोटं सांगतोय. कोड मात्र पडेल, तो नंतर पुसा. फ्लॅपच्या गाडीला ही युक्ती लावू नका. १.६ च्या एमएक्स-५ मध्ये पेट्रोल पंपाचा स्विचच मीटरच्या आत आहे, त्यामुळे कनेक्टर काढला की इंजिन बंद पडतं.

फ्लॅपचा मीटर

आधी बोटाने दार हळूच ढकला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते एकसारख्या जोराने उघडायला हवं आणि सोडल्यावर न अडकता परत यायला हवं. मध्येच खडखड लागली तर आत काजळी आहे, किंवा कधीतरी इनटेकमध्ये बॅकफायर होऊन दार वाकलं आहे. काजळी असेल तर थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन दार आणि भिंती पुसा. आत सरळ फवारू नका. वंगण तर नकोच, त्याला धूळ चिकटते.

मग किल्ली ऑन करून सिग्नलच्या वायरवर मल्टिमीटर लावा आणि दार अगदी सावकाश उघडा. काही फ्लॅप मीटरमध्ये व्होल्टेज चढत जातं, काहींत उतरत जातं. दोन्ही चालतं, पण ते सलग बदललं पाहिजे. मध्येच मल्टिमीटरची सुई शून्याला टेकली किंवा उडाली तर कार्बनची पट्टी तिथे झिजली आहे. या एका कामासाठी सुईचा जुना मल्टिमीटर डिजिटलपेक्षा सरस. डिजिटलचा आकडा बदलेपर्यंत ती उडी निघून गेलेली असते. झीज बहुतेक करून पहिल्या तिसऱ्या भागात असते, कारण रोजच्या चालवण्यात दार तिथेच डोलत असतं.

हवेच्या तापमानाचा सेन्सर याच डब्याच्या तोंडाशी असतो. बॉशच्या पुष्कळ मीटरमध्ये २० अंशांना त्याचा रेझिस्टन्स २ ते ३ किलोओहमच्या दरम्यान येतो. हेअर ड्रायर लांबून धरला की तो उतरत जायला हवा.

पट्टीपर्यंत पोहोचायला मीटरचं काळं झाकण काढावं लागतं, ते सिलिकॉनने चिकटवलेलं असतं. धारदार ब्लेड कडेने चारही बाजूंनी थोडं थोडं फिरवा. एकाच कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर झाकण तडकतं. आत पट्टी, काटा आणि दात असलेलं एक चाक दिसेल. ते दातांचं चाक स्प्रिंगचा ताण धरून असतं, म्हणजे सगळं मिक्श्चर त्याच्यावर आहे. त्याला हात लावू नका. तरी निदान बारीक मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे चुकून धक्का लागला तर जागा सापडेल.

पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ फडक्याने हलकेच पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, कार्बनचा थर केसाएवढाही जाड नसतो. ९४४ च्या मीटरमध्ये पट्टीच्या बोर्डाचे स्क्रू ढिले करून बोर्ड किंचित सरकवतात, म्हणजे काटा न झिजलेल्या भागावरून चालतो. हे काम जमतं, मात्र घाई करणाऱ्याच्या हातून काटा वाकतो. पहिल्यांदाच करत असाल तर आधी एखाद्या टाकाऊ मीटरवर हात बसवून घ्या. झाकण परत लावताना सिलिकॉनची पातळ रेघ पुरते. सेन्सरना चालणारं सिलिकॉन घ्या.

गरम तार किंवा फिल्मची सफाई

याला फक्त एअर फ्लो सेन्सरसाठी विकला जाणारा स्प्रे वापरा. तो वाळल्यावर मागे काही ठेवत नाही. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनरने प्लास्टिक आणि आतला गोंद बिघडू शकतो. कापसाची काडी, ब्रश, फडकं, कॉम्प्रेसरची हवा, काहीही तारेजवळ नेऊ नका. ती तार इतकी नाजूक असते की कापसाचा एक धागा अडकला तरी ओढताना तुटते.

बॉक्स्टरमध्ये हुड, म्हणजे कापडी छत, अर्धं उघडून मागचं इंजिनावरचं कव्हर काढलं की सेन्सर डाव्या बाजूला, एअर फिल्टरच्या डब्याजवळ दिसतो. फक्त आतला भाग दोन स्क्रूंवर बाहेर येतो. ते मध्ये खुंटी असलेले टी २० टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू) आहेत, साधा बिट त्यात बसत नाही, म्हणून भोकाचा बिट आधीच जवळ ठेवा. सेन्सर सरळ ओढून काढा, तिरका करू नका. तोंड खाली धरून एका वीतभर अंतरावरून दहा-पंधरा छोटे फवारे मारा, सगळ्या बाजूंनी. खाली ठिबकणारा थेंब पिवळसर असेल तर तेल होतं असं समजा. मग निदान अर्धा तास, शक्य तर जास्त वेळ, आपोआप वाळू द्या. ओला सेन्सर लावून किल्ली फिरवू नका.

तेल येतं कुठून? बऱ्याचदा तेल लावायच्या कापडी परफॉर्मन्स फिल्टरमधून. नव्याने गाडी घेतलेल्यांना तो बसवण्याची हौस असते आणि हात सैल सोडून तेल लावलं जातं. जादा तेल हवेबरोबर फिल्मवर जाऊन बसतं. माझं मत विचाराल तर रोजच्या रस्त्यावरच्या जुन्या गाडीला कंपनीचा कागदी फिल्टरच बरा.

बदलायची वेळ आलीच तर

जोड घट्ट आहेत, व्होल्टेज पोहोचतंय, सफाई करूनही रीडिंग लोडवर कमीच येतंय, तर मग नवा घ्या. पार्ट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. दिसायला सारखे आणि कनेक्टर बसणारे दोन सेन्सर आतून वेगळे असू शकतात. नळीचा व्यासही तितकाच महत्त्वाचा. मोठ्या इंजिनाच्या गाडीची रुंद नळी लहान इंजिनाला लावली की हवा संथ होते, रीडिंग कमी येतं आणि गाडी लीन चालते. काही जण ताकद वाढेल या आशेने हे करतात आणि नंतर इंजिनाचं नुकसान ओढवून घेतात.

फार स्वस्त मिळणाऱ्या बिननावाच्या सेन्सरपासून दूर राहा. १९८० च्या दशकातल्या फ्लॅप मीटरला नवा पर्याय बऱ्याचदा मिळतच नाही, दुरुस्त करून दिलेला घ्यावा लागतो. अशा वेळी जुना मीटर टाकू नका, दुरुस्तीवाले तो बदल्यात मागतात.

काम सुरू करण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे ना बघा, मग बॅटरीची उणे वायर काढा. मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या. नवा सेन्सर बसवताना नळीवरचा बाण इंजिनाकडे हवा. जुनी ओ-रिंग (सीलची रबरी कडी) पुन्हा वापरू नका. हवेची वाट सरळ करणारी जाळी असेल तर ती काढू नका, तिच्याशिवाय रीडिंग थरथरतं. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात, म्हणून टेकले की पाव फेरा पुरे.

फ्लॅपचा मीटर बदलला असेल तर आयडलिंगचं मिक्श्चर पुन्हा जुळवावं लागतं. मीटरवर एका बुचाखाली बायपासचा स्क्रू असतो. तो आत घेतला की बायपासची हवा कमी होऊन जास्त हवा दारावरून जाते आणि मिक्श्चर रिच होतं, बाहेर काढला की लीन. जुन्या मीटरचा स्क्रू किती फेरे आत होता ते मोजून नव्याला तेवढंच ठेवा, पण शेवटचं जुळवणं एक्झॉस्ट गॅस अ‍ॅनलायझरवरच करून घ्या. कानाने ते होत नाही.

कॉम्प्युटरने जुन्या सेन्सरच्या चुकांवर बेतलेल्या दुरुस्त्या साठवलेल्या असतात. बॅटरी काढून ठेवल्याने पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या पुसल्या जातात, नाहीतर स्कॅनरने पुसा. मग इंजिन गरम करून अर्धा तास शहर आणि मोकळा रस्ता असं मिश्र चालवा आणि ट्रिम पुन्हा वाचून लिहून ठेवा. पहिल्या काही किलोमीटरमध्ये आयडलिंग थोडं भटकलं तर लगेच घाबरू नका, कॉम्प्युटर नव्याने शिकत असतो.

आठवड्याने एकदा थंड इंजिनवर पाइपचे सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा. नवं रबर गरम-थंड होऊन थोडं दबतं आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला क्लॅम्प अर्ध्या फेऱ्याने सैल झालेला सापडतो.